मालकाचं आपरेशन

१९८५ साल होतं आणि मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. म्हणजे कंपनीच्या कागदावर त्रेचाळीस. आई सांगायची, तू भाताच्या लावणीत झालास, थोडक्यात चुकलं नाहीतर बांधावरच झाला असतास. साल कुणी लिहून ठेवलं नाही, कारण लिहिणारा घरात कुणी नव्हता. मलाही फार येत नाही. तिसरीत मास्तरांनी उगाच छडी मारली, मी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो, तो परत गेलो नाही. हे लिहायलासुद्धा मला वेळ लागतो. पण लिहितो माझ्या हातानं. कुणाला सांगून लिहून घेत नाही.

तेव्हा आम्ही बोईसरजवळ पाम गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. खोल्यांची एक ओळ, पुढं सगळ्यांची मिळून एक लांब पडवी, टोकाला नळ. मी बोईसरला कापडाच्या कंपनीत होतो. शिफ्टची बस रस्त्यावर यायची, तिच्यातनं जायचं, तिच्यातनं यायचं. घरात बायको, चार मुलं आणि दोन ससे.

ससे बायकोचे. बोईसरच्या बाजारात एक जण टोपलीत घालून विकायला बसला होता. "दोन्ही माद्या हायत बाई, गळ्याची शपथ," असं म्हणाला. ती शपथ थोड्याच दिवसांत उघडी पडली. एक दिवस त्यातल्या एकीनं आपल्याच पोटाचे केस उपटून कोपऱ्यात गादी केली आणि तिच्यावर पिल्लं घातली. तेव्हा कळलं की दुसरी मादी ही मादी नाही.

त्या नराचं नाव बायकोनं 'मालक' ठेवलं. आता हे समजून घ्यायला पाहिजे. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कुणी 'हे' म्हणते, कुणी 'मालक' म्हणते. माझी बायको मला 'हे' म्हणायची, त्यामुळं 'मालक' हा शब्द घरात रिकामाच पडून होता, तो तिनं सशाला दिला. मी विचारलं, हे कसलं नाव? तर म्हणाली, "दिवसभर बसून खातो, इकडची काडी तिकडं करत नाही, आणि घरातली खाणारी तोंडं वाढवतो. दुसरं काय नाव ठेवू?"

मी हसलो नाही. टोमणा ज्याला होता त्याला पोचला होता.

घराबाहेर मात्र ती हे नाव घेत नसे. नवऱ्यावरनं सशाला नाव दिलं म्हटल्यावर बायका काय म्हणतील, याची तिला लाज होती. ससे मागच्या बाजूला पत्र्याखाली असायचे. ओळीतल्या लोकांना ससे आहेत हे माहीत होतं, त्यांना नावं आहेत हे माहीत नव्हतं.

वेतामागून वेत होत गेलं. पिल्लं आम्ही वाटली. "पाळतो" म्हणून लोक घेऊन गेले, पण त्यांच्या अंगणात नंतर ससा काही दिसला नाही. एकानं मला बसमध्ये सांगितलं की कोंबडीपेक्षा बरा लागतो. मी मूर्खासारखं ते घरी येऊन बोललो. बायको त्या दिवशी जेवली नाही. त्यातच खोल्यांचा शेठ येऊन पडवीत उभा राहिला आणि बोट नाचवत म्हणाला, "आणखी एक वेत झालं, की सशांबरोबर तुमचीपण ट्रंक बाहेर."

दोघांच्या मध्ये फळी लावून बघितली. मालकानं फळी कुरतडली. पत्रा लावला, तर खालची माती उकरून पलीकडं गेला. तेव्हा मी ठरवलं. म्हटलं, "याचं आपरेशन करून आणतो."

आम्ही शेतकरी माणसं. पालघरच्या आत, डोंगराच्या कडेला आमचं गाव. बैल बडवलेला मी लहानपणापासून बघितला होता. त्याच्याशिवाय तो नांगराला वळत नाही. त्यात मला काही विशेष वाटत नव्हतं. बायकोला वाटत होतं.

"तो बैल हाय का?" ती म्हणाली. "एवढासा जीव. हातात धरला तर काळीज लागतं हाताला."

"मी घेऊन जातो आणि मीच परत आणतो."

"जिवंत?"

"जिवंत आणि खाता-पिता."

"आणि त्याला काय झालं तर?"

"काय होत नाही."

"झालं तर माझ्याशी बोलायचं नाय. सांगून ठेवते. जन्मात नाय." आणि ती बोललेलं पाळते. हट्टात ती माझ्यावर एक बोट चढ आहे.

पालघरला गुरांचा दवाखाना होता. तिथं जाऊन मी आधी विचारून आलो आणि ठरल्या दिवशी मालकाला टोपलीत घालून एसटीनं निघालो. आदल्या रात्रीपासून मी त्याला उपाशी ठेवला होता. आपरेशनला पोट रिकामं लागतं, एवढं मला कळत होतं. बायको कोथिंबिरीची काडी घेऊन आली, तर मी तिला हाकलली. डॉक्टरसमोर टोपली ठेवली आणि छाती काढून सांगितलं, "काल रात्रीपासून पोटात कण नाही. एकदम मोकळा आणलाय."

डॉक्टर तरुण होता. त्यानं कपाळाला हात लावला. "कुणी सांगितलं उपाशी ठेवायला?"

"सांगायला कशाला पाहिजे? आपरेशनला उपाशीच नेतात."

"माणसाला नेतात, बाबा. ससा ओकत नाही. त्याचं पोट चालू राहिलं पाहिजे, ते एकदा थांबलं की ससा गेला. जा, गवत आणा. आधी खाऊ दे, दुपारी बघू."

मग मी दवाखान्याच्या कुंपणाजवळ उकिडवा बसून हरळी उपटली. तिथं एक जण म्हैस घेऊन आला होता, तो म्हणाला, "काय, गवत काढायला लावलं का डॉक्टरनी?" मी म्हटलं, "मला कुणी कायपण लावत नाय. मी माझ्या मर्जीनं काढतोय."

दुपारी डॉक्टरनं काम केलं. आत जाण्याआधी मला सांगितलं, "बैल आणि बोकड माझ्या रोजच्या हाताखालचे. ससा शिकत असताना केलाय. सांगून ठेवतो." मला तो माणूस तिथंच आवडला. बाहेर आला तेव्हा मालक फडक्यात होता, ओल्या पोत्यासारखा ढिला, पण श्वास चालू होता. डॉक्टर म्हणाला, "माझं काम झालं, आता तुमचं. ऊब द्या. उड्या मारू देऊ नका. टाके जपा. मादीपासून महिनाभर लांब, कारण आत राहिलेलं बी काही दिवस जिवंत असतं. आणि मुख्य म्हणजे त्यानं खाल्लं पाहिजे. खाईल तर लेंड्या टाकील. उद्या सकाळी लेंड्या दिसल्या की मला काळजी नाही. नाही दिसल्या तर तसेच घेऊन या."

एसटीत मी टोपली मांडीवर धरून बसलो. पामच्या फाट्यावर उतरलो आणि घरापर्यंत चालत आलो. मालकाला हिसका बसू नये म्हणून टोपली पोटाशी खाली धरलेली, वर माझा टॉवेल टाकलेला, आणि पाय फाकवून, एकेक पाऊल बघून टाकत चाललेला मी. पडवीत बायका तांदूळ निवडत होत्या. नेहमी मी गेलो की त्या बोलत राहतात. त्या दिवशी सगळ्या गप्प झाल्या आणि माझ्या चालण्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, सशाची काळजी आहे बिचाऱ्यांना.

घरात आल्यावर मालकाला खाटेखाली ठेवला. तिथं अंधार आणि शांत. बायकोनं सलाईनच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरलं, फडक्यात गुंडाळलं आणि त्याच्या कुशीला लावलं. तो पाठीचा गोळा करून, डोळे अर्धे मिटून बसला. थोड्या वेळानं त्याचा जबडा हलायला लागला. बारीक आवाज येत होता, करकर, करकर.

मला आनंद झाला. "बघ," मी बायकोला म्हटलं, "रवंथ करतोय. रवंथ करणारं जनावर आजारी नसतं. आमचा बाप सांगायचा."

ती खाली वाकली, ऐकलं आणि माझ्याकडं बघितलं. "ससा कधी रवंथ करताना बघितलाय तुम्ही?"

ससा रवंथ करतच नाही, हे मला नंतर डॉक्टरकडनं कळलं. तो दुखतंय म्हणून दात खात होता. जन्मभर गुरं राखलेला माणूस मी, आणि दुखणं बघून खूश झालो होतो.

कोथिंबीर ठेवली, त्यानं नाक फिरवलं. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची पानं, तेही तसंच पडून राहिलं. मी कुठंतरी चित्रात ससा गाजर खाताना बघितला होता म्हणून मुलाला पळवून गाजर आणलं. मालकानं गाजराला पाठ दाखवली. बायको काही बोलली नाही. हंडा उचलला आणि नळावर गेली. तिचं न बोलणं सुरू झालं की काय, म्हणून मी पाला परत मालकापुढं सरकवला.

नळावरचं बोलणं मला तिनं नंतर सांगितलं. टोकाच्या खोलीत एक कोळीण राहायची. नवरा बंदरावर होडीवर, ही बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. मनानं मोकळी आणि गळ्यानंपण मोकळी. तिनं बायकोला विचारलं, "काय गो वैनी, डोलं लाल का?"

"मालकाचं आपरेशन झालं. आज, पालघरला." काळजीत घरातलं नाव तोंडातनं गेलं, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

"अगो बाय! कसलं?"

"तेच गं. पोरं बंद करायचं."

कोळणीनं हंडा खाली ठेवला म्हणे. "आनी आता?"

"कायपण खात नाय. डोळे मिटून बसून हाय नुसतं. डॉक्टरनी सांगितलंय, महिनाभर लांब राहायचं, उड्याबिड्या मारायच्या नायत."

"आता कसल्या उड्या, बाय," कोळीण म्हणाली आणि हंडा तसाच सोडून घरी गेली. बायकोला वाटलं, केवढी ही माया एका सशासाठी!

दिवेलागणीला मी जमिनीवर पालथा पडलो होतो. डोकं खाटेखाली, पाय बाहेर, हातात मुळ्याचं पान. मालकाच्या नाकासमोर ते हलवत होतो. तेवढ्यात दारात कोळीण.

"भावजी! आवो, उलटं काय पडलाव? पोटावर भार नका टाकू!"

मी डोकं बाहेर न काढताच म्हटलं, "काय खात नाय गं."

"न्हाय जायाचं पयल्या दिवशी. उद्याला जाईल. ऊब घेतली का?"

"गरम पाण्याची बाटली दिलीय."

"बरा केलाव. टाकं किती?"

"दोनच."

"दोनच? मंग काय नाय. दुखते का लय?"

"दुखतंय. दात खायला लागलंय."

तिनं सुस्कारा टाकला. मग गळा जरा खाली आणून म्हणाली, "भावजी, एक सांगते. आमच्या आलीत एकपन बापया पुढं नाय झाला. सगल्या बायाच पोट चिरून घेतात. ती आनीबानीची सक्ती झाली तवापासून तं बापये त्या वाटंनं मुतायलापन जात नाय. तुमी आपल्या मनानं गेलाव. तुमी मर्द निघालाव."

मी खाटेखालीच थिजलो. डोकं वर केलं, ते खाटेच्या पट्टीला आपटलं. बाहेर येऊन बसलो. तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. 'अगं बाई, ते माझं नाही, सशाचं,' एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? पण 'मर्द निघालाव' हे माझ्याबद्दल आजपर्यंत कुणी बोललं नव्हतं. बापानं हेकट म्हटलं, मास्तरांनी ठोंब्या म्हटलं, सुपरवायझर तर काय काय म्हणायचा. त्यात तिनं हातातल्या टोपाचं झाकण उघडलं. मुडदुशी मासळीचं पातळ कालवण होतं. आजारी माणसाला आमच्या किनाऱ्याला तेच देतात, हलकं असतं. वास नाकात गेला आणि तोंड आपोआप मिटलं.

"खावा गरम गरम. आनी ह्याचा चहा करून घ्या," असं म्हणून तिनं पातीच्या, म्हणजे गवती चहाची आणि फुदिन्याची मोठी जुडी खाटेपाशी जमिनीवर ठेवली. आमच्याकडं पात आणि फुदिना टाकल्याशिवाय चहाला चहा म्हणत नाहीत. ती गेली.

बायको मागच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं. पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि खांदे गदागदा हलत होते. मला वाटलं रडतेय. मग पदर निघाला आणि ती अशी हसली की भिंतीला टेकून खाली बसली.

"मर्द निघालाव!" ती म्हणाली. "पेशंट तो आणि कालवण तुम्हाला!"

"तू काय सांगितलंस तिला?"

"मी मालकाचं सांगितलं!"

"मग जाऊन नीट सांग."

"मी कशाला? तोंड तुम्ही मिटलंत."

तेवढ्यात खाटेखाली खसपस झाली. आम्ही दोघंही जमिनीला गाल लावून बघायला लागलो. मालकाचं नाक हलत होतं. घरी आल्यापासून पहिल्यांदा हलत होतं. त्यानं मान लांब केली, जुडीतलं फुदिन्याचं एक पान दातात धरलं आणि ओढलं. पान अर्धं आत, अर्धं बाहेर. थांबला. आम्ही श्वास धरला. मग जबडा आडवा फिरायला लागला आणि पान हळूहळू आत गेलं. करकर नव्हती. हे खरं खाणं होतं.

"आणखी एक घे रे राजा," बायको म्हणाली. त्यानं घेतलं. मग पातीच्या चहाचं एक पातं घेतलं, तंबाखू चघळल्यासारखं चघळलं.

मी उठून कालवण वाढून घेतलं. ती रागावली नाही. काट्यांकडं लक्ष द्या म्हणाली. म्हणजे बोलत होती.

पण लेंड्यांचं बाकी होतं. सकाळी उठल्या उठल्या मी चूळ भरायच्या आधी खाटेखाली शिरलो. फडक्याच्या कोपऱ्यात होत्या. काळ्या, गोल, वाटाण्यासारख्या, चांगल्या टणक. मी हाताच्या ओंजळीत घेतल्या आणि ओरडलो, "झाली! अगं झाली! पोट मोकळं झालं!"

ओळीतल्या भिंती अशा की एका खोलीत कूस बदलली तर दुसऱ्या खोलीत कळतं. टोकावरनं कोळणीचा आवाज आला, "देव पावला हो भावजी!" मधल्या खोलीतनं कुणी टाळ्या वाजवल्या. हातात लेंड्या घेऊन मी तसाच उभा राहिलो.

त्या दिवशी दुसरी पाळी होती. बसमध्ये चढलो तर पुढच्या सीटवरचा उत्तरेकडचा पोरगा उठून उभा राहिला. "चाचा, यहाँ बैठिए। खिड़की वाली।" मागून कुणीतरी म्हणालं, "चाचा की फ़ैक्टरी में हमेशा का लॉकआउट हो गया!" सगळी बस हसली. मी ताठ बसून बाहेर बघत राहिलो. कंपनीत सुपरवायझरनं, जो मला एरवी श्वास घेऊ देत नसे, त्यानं स्टूल आणून दिलं. मी बसलो. मी खोटं बोललो नाही. आपरेशन तुझंच का, असं मला एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

घरी मात्र सेवा चालू होती. मालक टाके चाटायला बघायचा म्हणून बायकोनं जुन्या धोतराचा लंगोट शिवला. सशाला लंगोट बांधणं सोपं नाही. मी धरायचो, ती बांधायची, आणि बांधून होईपर्यंत तो नाडी खायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं अख्खा लंगोटच खाल्ला. शेवटी मी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन बसायला लागलो, कामावर जायच्या आधी आणि आल्यावर. डॉक्टरनं दिलेलं औषध शाईच्या ड्रॉपरनं ओठाच्या कडेला सोडायचं. कडू होतं, तो माझ्या शर्टाला तोंड पुसायचा. मादी पलीकडच्या खोक्यात मागचा पाय आपटून निषेध करायची. फुदिना रोज यायचा. कोळीण आणून द्यायची. "चहा आवडला वाटते भावजींना," म्हणायची. बायको म्हणायची, "आवडला म्हणजे काय, पानंपण सोडत नाय."

टाके काढायला मी परत पालघरला गेलो. पडवीतल्या बायका म्हणाल्या, टाके काढायला चाललेत. बरोबरच होतं. डॉक्टरनं मालकाला उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, जखम छान भरली. त्यानं हेही सांगितलं की ससा एखाद्या वस्तूला हनुवटी घासतो तेव्हा ती वस्तू आपली झाली असं जाहीर करतो. परत येताना टोपली मी खांद्यावर घेतली आणि सरळ चाललो.

त्याच संध्याकाळी कोळणीचा नवरा आला. आडदांड माणूस, दंड माझ्या मांडीएवढा, होडीवरनं नुकताच उतरलेला. पडवीत उकिडवा बसला आणि बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा मारत राहिला.

"भावजी," शेवटी म्हणाला, "खरा सांगा. दुखते का?"

"कशाचं?"

"तुमी केलाव त्याचा. माझ्या बायकोच्या अंगात रगत नाय. नर्सबाई बोलली, आता आनखी बालतपण झाला तं ही जगाची नाय, आनी हिचा पोट चिरायचापन काम नाय, तूच ये. मला भ्या वाटते. जाला वढायला येते का मागाहून? मानूस तोच ऱ्हाते का?"

मी मागे बघितलं. दारातनं खोली दिसत होती. मालक मागच्या दोन पायांवर उभा राहून बायकोच्या हातातला फुदिना ओढत होता, आणि ती हात वर नेत होती तसा तो आणखी उंच होत होता.

"तोच राहतो," मी म्हटलं. नजर मालकावर होती.

त्यानं काडी मोडून टाकली. "मंग उद्याला जातो. तुमी चला संगती. तुमाला म्हायती हाय."

तो गेला आणि मी आत आलो. बायकोनं फुदिना खाली ठेवला. हसत नव्हती. "त्याला मालकाच्या भरवशावर पाठवणार?"

"मी जाऊन सांगतो त्याला, की ते सशाचं होतं."

"सांगा. मग तो जाणार नाय. सशाचं झालं म्हणून माणूस कशाला जाईल? आणि मालकाचं तर मुळासकट काढलंय. माणसाची नुसती नळी बांधतात. तुम्हाला काय ठाऊक दुखतं का नाय?"

"मग काय करू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मला नर्सबाईनं तुमच्या आपरेशनचं विचारलंय तीनदा. मी तीनदा म्हटलं, ह्यांना विचारते. विचारलं नाय, कारण तुमचं उत्तर मला ठाऊक होतं." आणि ती भाकऱ्या थापायला बसली.

मी भिंतीला टेकून बसलो. कालवण मी खाल्लं होतं, खिडकीची सीट मी घेतली होती, स्टुलावर मी बसलो होतो. मालक टुणटुण करत आला, माझ्या पायाचा वास घेतला आणि अंगठ्याला हनुवटी घासली. मग माझ्याकडं पाठ करून अंग चाटत बसला.

सकाळी मी दोन भाकऱ्या आणि वाटीभर वाल खाल्ले. बायको म्हणाली, "उपाशी नको जायला?" मी म्हटलं, "उपाशी नेलं की काय होतं ते मी बघितलंय." धुतलेला शर्ट घातला, फुदिन्याची एक काडी खिशात टाकली आणि कोळणीच्या नवऱ्याला घेऊन पालघरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. बाकावर आम्ही दोघंच पुरुष होतो. त्यानं बाकाची कड जाळ्याच्या दोरीसारखी घट्ट धरली होती. नर्सबाईनं पडदा बाजूला केला आणि विचारलं, "पहिलं कोण?"

मी उठलो.

"भावजी," त्यानं माझा शर्ट मागनं धरला, "तुमचा तं झालाय!"

"झालं ते मालकाचं," मी म्हटलं, "माझं आता हाय." आणि पडद्याच्या आत गेलो.